आजीचे सुधारक

आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढले तेव्हा त्यांना समाज सुधारायचा होता. समाज भलताच चिवट निघाला. त्यामुळेच की काय, हल्लीच्या सुधारकांनी समाजाचा नाद सोडून आजी सुधारायला घेतली आहे. आजी सुधारणे फार सोपे. एक तर ती आता हयात नाही, त्यामुळे विरोध करत नाही. दुसरे म्हणजे ती उरली आहे एका फोटोपुरती, आणि तो फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा घातला की संगणकाच्या पडद्यावर एक बटण उगवते : 'ऑटो एन्हान्स'. म्हणजे यंत्र अदबीने विचारते, "सुधारू का?" आणि घरातला सर्वांत तरुण, सर्वांत हुशार आणि आजीला जन्मात न पाहिलेला मुलगा म्हणतो, "सुधार!"

या बटणाविरुद्ध माझी तक्रार आहे. तक्रार लेखी आहे, कारण मी बँकेत क्लार्क आहे आणि तोंडी तक्रारीचे पुढे काय होते ते काउंटरच्या आतल्या बाजूने रोज पाहतो.

हल्ली घरटी एकाला हे जुने फोटो स्कॅन करण्याचे वेड लागलेले असते. माळ्यावरची ट्रंक खाली येते. बिस्किटांच्या डब्यातून, काळ्या कागदाच्या अल्बममधून, देवघरामागच्या खिळ्यावरून पूर्वज गोळा होतात. स्कॅनर येतो. आणि मग कळते की हे यंत्र फोटो घेण्याआधी आपलीच मुलाखत घेते. डीपीआय किती? रंगीत की करडा? आठ बिट की सोळा? टिफ की जेपेग? धूळ काढू? ओरखडे काढू? रंग उजळू? कडा धारदार करू? घरकर्जाच्या अर्जातसुद्धा इतके रकाने नसतात, आणि तिथे निदान जामीनदार तरी बरोबर असतो.

या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या नातेवाइकांचे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ महत्तमवाद्यांचा. माझे साडू त्याचे अध्वर्यू. त्यांचे तत्त्वज्ञान अमर्यादित थाळीचे : पैसे मोजलेत ना, मग दाबून घ्या! स्कॅनरच्या खोक्यावर जो सर्वांत मोठा आकडा छापलेला असेल तोच त्यांचा डीपीआय. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे तो आकडा, एवढे त्यांनाही माहीत आहे. पण इंच दोन्ही दिशांना असतो हे ते विसरतात. मी बी. कॉम. असल्यामुळे हिशेब मांडून दाखवतो. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर टिपला, तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. ६०० वर टिपला तर दुप्पट नव्हे, चौपट : ८६ लाख ४० हजार. रंगीत फोटोत दर ठिपक्याला तीन बाइट धरले तर फाइल झाली २६ एमबीची. १२०० वर १०४ एमबी. २४०० वर ४१५ एमबी. घरातले पाचशे फोटो ६०० वर घेतले तर १३ जीबीत सगळे खानदान मावते. साडूंच्या पद्धतीने २०७ जीबी लागतात, आणि एकेका फोटोला यंत्र इतका वेळ घेते की तेवढ्यात काचेवरच्या बाळाची मुंज व्हावी.

बरे, एवढे करून मिळते काय? कागदावर छापलेल्या साध्या फोटोत मुळातच जेवढा तपशील असतो तो ३०० ते ६०० मध्ये येऊन संपतो. त्यापुढे आजोबांच्या मिशीचा केस मोठा होत नाही, कागदाचा धागा मोठा होतो. आणि खोक्यावरचा तो अजस्र आकडा पुष्कळदा खरा नसतोच. यंत्राच्या भिंगाला खरोखर दिसते ते निराळे. त्याला ऑप्टिकल रिझोल्यूशन म्हणतात. बाकीचे ठिपके यंत्र शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरते. आमच्या धंद्यात अशा आकड्यांशी आमचा जुना परिचय आहे. एकतीस मार्चच्या संध्याकाळी ठेवी फुगतात आणि एक एप्रिलला ओसरतात, त्यातलाच हा प्रकार.

पण या पंथाच्या विरुद्ध टोकाला गेलात तरी पंचाईत आहे. फोटो जितका लहान तितका आकडा मोठा लागतो, हे साधे त्रैराशिक आहे. आग्फाच्या 'क्लिक थ्री' कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल घालून बारा फोटो निघायचे, सहा सेंटिमीटरचे चौकोनी. निगेटिव्हवरून थेट तेवढ्याच आकाराचे काढलेले असे चिमुकले फोटो घरोघर आहेत, आणि त्यांत तपशील ठासून भरलेला असतो. त्यांना १२०० द्यावेत. ते त्याचे चीज करतात. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह तर जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिला ३०० दिले तर सव्वा लाखही ठिपके पडत नाहीत. तिला २४०० ते ३२०० पाहिजेत, आणि झाकणात दिवा असलेला स्कॅनर पाहिजे. माणूस पाहून कर्ज द्यावे तसा फोटो पाहून डीपीआय द्यावा. सरसकट मंजुरी आणि सरसकट नामंजुरी, दोन्ही आळशी साहेबाची लक्षणे.

दुसरा पंथ काटकसरी. यांना स्कॅनरच नको असतो. "मोबाइल आहे की!" असे म्हणून ते फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवतात आणि वरून टिपतात. त्यामुळे त्यांच्या संग्रहात पणजोबांच्या पागोट्यात ट्यूबलाइट पेटलेली असते आणि पणजीच्या मांडीवर टिपणाऱ्याच्या अंगठ्याची सावली बसलेली असते. मग तो फोटो कौटुंबिक गटावर जातो. तिथे पाठवताना तो आक्रसतो. तिथून उतरवून, कापून, त्यावर फुले आणि 'शुभ सकाळ' चिकटवून पुन्हा पाठवला जातो. जेपेग फाइल ही दर वेळी फेरफार करून साठवली की थोडी थोडी झिजते. दहा हातांतून फिरल्यावर पणजोबा पाण्यात पडल्यासारखे दिसतात आणि खाली सत्तावीस जणांनी हात जोडलेले असतात. कोणाला जोडले ते त्या हातांनाही सांगता येणार नाही.

हे दोन्ही पंथ त्रासदायक खरे, पण तसे निरुपद्रवी. एकाची जागा वाया जाते, दुसऱ्याचा फोटो वाया जातो. मूळ फोटो ट्रंकेत शाबूत असतो, म्हणजे ट्रंक शाबूत असेपर्यंत. माझे खरे भांडण आहे तिसऱ्या पंथाशी. हे सुधारक. यांना फोटो जपायचा नसतो, चांगला करायचा असतो. आणि गंमत अशी, की त्यांच्याविरुद्ध बोलावे तर आपणच प्रतिगामी ठरतो.

आमचा भाचा या पंथाचा. मुलगा गुणी आहे, निर्व्यसनी आहे, आणि त्याच्या मोबाइलमध्ये जुने चेहरे ताजे करून देणारे काहीतरी आहे. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला. तो त्याने टिपला, बटण दाबले, आणि मिनिटभरात आजी रंगीत झाली. गाल तुकतुकीत, डोळ्यांत चमक, साडी मोरपिशी. त्याने ती आनंदाने माझ्या आत्याला दाखवली. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाली, "कोण रे ही? नाकीडोळी छान आहे हो."

"अगं आत्या, तुझी आई!" मी म्हणालो.

आत्याने पुन्हा पाहिले. "छे! माझ्या आईच्या तोंडावर देवीचे वण होते."

मी ट्रंकेतला मूळ फोटो तिच्या हातात दिला. तिने त्या चेहऱ्यावरून बोट फिरवले, आणि मग बराच वेळ दिला नाही. भाचा हळूच मला म्हणाला, "पण मामा, त्यातली जास्त छान दिसते ना?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जास्त छानच दिसत होती. फक्त ती आमची आजी नव्हती. यंत्राने हजारो अनोळखी चेहरे पाहून बाईचा चेहरा साधारण कसा असतो हे ठरवलेले असते, आणि आपल्या आजीत जे साधारण नसेल ते सगळे त्याच्या दृष्टीने बिघाड असते. देवीचा वण म्हणजे डाग. गालावरचा तीळ म्हणजे कचरा. आणि नथीतला मोती चमकला तर ती धूळ! अहो, देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. तो गेला हे उत्तमच झाले. पण तो अंगावर काढून पुढे पाच मुले वाढवणाऱ्या बाईच्या तोंडावर त्याची जी सही होती, ती आता फोटोतच उरली आहे. तीही आपण 'गुळगुळीत' म्हणून पुसायची?

यंत्राच्या धूळ ओळखण्यावर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. काही चांगले स्कॅनर निगेटिव्हवरची धूळ शोधायला अवरक्त किरण वापरतात. रंगीत निगेटिव्हमधून ते किरण सहसा आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात. म्हणजे जिथे अडले तिथे धूळ, असा सरळ न्याय. पण कृष्णधवल निगेटिव्हमधली प्रतिमाच चांदीच्या कणांची असते, आणि चांदी हे किरण अडवते. तिथे हे बटण चालू ठेवलेत तर यंत्राच्या मते अख्खे आजोबा ही धूळ ठरते! एवढ्या हुशार यंत्राला आजोबा आणि धूळ यांतला फरक कळत नाही, हे लक्षात ठेवावे आणि निदान कृष्णधवल मंडळींच्या वेळी हे बटण बंद करावे.

आता कोणी म्हणेल, एका फोटोवरून एवढा आकांत कशाला? तर सांगतो. आमच्या व्यवसायात खाडाखोड हे पाप आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम ८७ : चेकमध्ये महत्त्वाचा फेरफार, संबंधितांच्या संमतीशिवाय केला, की तो चेक रद्दबातल. रक्कम शंभराची हजार केली म्हणजे 'सुधारणा' झाली, असे कोणी काउंटरवर येऊन सांगत नाही. जुन्या लेजरमध्ये चूक झाली तर ती खोडरबराने पुसत नसत. तिच्यावर एक रेघ मारून, वर बरोबर आकडा लिहून, बाजूला सही करत. आता संगणक आला तरी नियम तोच : चुकीची नोंद पुसायची नाही, उलट नोंद टाकायची. मूळ दिसले पाहिजे. शंभर रुपयांच्या नोंदीची जी इभ्रत आम्ही राखतो, ती आजीच्या चेहऱ्याची राखू नये?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की स्कॅन करणे म्हणजे नोंद करणे. आणि नोंद करणाऱ्याने कारकुनासारखे वागावे, कवीसारखे नव्हे.

कारकुनी पद्धत अशी. ऑटो-बिटो जे काही असेल ते बंद. धार लावणे बंद, धूळ काढणे बंद, उजळणे बंद. धूळ काढायची तर स्कॅन करण्याआधी, काचेवरून आणि फोटोवरून, मऊ कोरड्या फडक्याने हळुवार. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत म्हणूनच टिपायचा. यावर आमच्याकडे खडाजंगी होते. "काळ्यापांढऱ्याला रंग कशाला?" पण जुना कृष्णधवल फोटो काळापांढरा नसतोच मुळी. तो तपकिरी असतो, कडेला पिवळा असतो, अंधाऱ्या भागात चांदी वर येऊन निळसर चकाकतो, आणि कोपऱ्यात कोणीतरी जांभळ्या शाईने लिहिलेले असते. करड्या रंगात टिपलात की शाई, डाग आणि कुंकवाचे बोट सगळे एकजात करडे. साठवायचे ते टिफमध्ये. तिथे काही झिजत नाही. गटावर पाठवायला त्यावरून जेपेगची नक्कल काढा, तिच्यावर हवी तेवढी फुले चिकटवा. वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर तेवढ्यापुरते 'डीस्क्रीन' चालू करा, कारण तिथे छपाईच्या ठिपक्यांची जाळी खरोखरच मध्ये येते. ते काम झाले की लगेच बंद.

आणि फोटोची पाठ! आम्ही बँकेत चेक स्कॅन करतो. क्लिअरिंगसाठी त्याच्या तीन प्रतिमा जातात : पुढची बाजू दोनदा, आणि पाठ एकदा. ज्या चेकच्या पाठीवर खातेक्रमांकापलीकडे काही नसते त्याची पाठ देशभर फिरते, आणि ज्या फोटोच्या पाठीवर अख्खे चरित्र असते तो मात्र आपण फक्त पुढून टिपतो. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, कोणाचे कोण ते असते. माझ्या आईच्या लग्नाआधीच्या फोटोमागे तिच्या वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे : 'पसंत नसल्यास फोटो कृपया परत पाठवावा.' फोटो परत गेला नाही, म्हणून हा लेख लिहायला मी आहे. पुढून सुंदर मुलगी, मागून तिच्या बापाची धाकधूक. यांतले एकच टिपायचे?

सुधारकांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. १९७०-८० च्या काळातले रंगीत फोटो लाल पडले आहेत. त्यांतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळे वऱ्हाड उन्हाळी लागल्यासारखे तांबडे दिसते. ती लाली आजीची नव्हे, रसायनांची. ती जरूर काढा. फाटलेला कोपरा सांधा. हौस असेल तर साडी मोरपिशीसुद्धा करा. पण नकलेवर! मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, आणि नकलेच्या नावात 'सुधारित' असा शब्द घालायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी तिलाच आजी समजणार नाही. मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडे. भावंडांत बोलणे बंद असेल तर या निमित्ताने चालू करा. आणि स्कॅन झाले म्हणून कागदाचा फोटो टाकून देऊ नका. पावती मिळाली म्हणून कोणी दागिना टाकून देत नाही.

"पण हे सगळे पाहणार कोण?" असा शेवटचा प्रश्न आमच्या सौ. विचारतात. उत्तर म्हणून मी एक जुनी हकिकत सांगतो. जगातला पहिला डिजिटल फोटो १९५७ साली अमेरिकेत, तिथल्या सरकारी मानके ठरवणाऱ्या संस्थेत, रसेल किर्श नावाच्या संशोधकाने स्कॅन केला. पाच सेंटिमीटरचा चौकोन. १७६ गुणिले १७६, म्हणजे ३० हजार ९७६ ठिपके. आमचे साडू त्याला फोटोच म्हणणार नाहीत. यंत्र सरकारी, पैसा सरकारी. अशा वेळी आपल्याकडे पहिला फोटो मंत्र्यांचा लागला असता. किर्शने यंत्राला टिपायला काय दिले? स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो. म्हणजे स्कॅनर जन्मला तोच घरचा फोटो टिपत. आणि ते धूसर बाळ आजही ओळखू येते.

तेव्हा वाचकहो, डीपीआयवर वाद घालण्याआधी एक करा. घरातले जे सर्वांत म्हातारे माणूस असेल त्याच्यासमोर फोटोंची थप्पी ठेवा, आणि "ही कोण? हा कोण?" विचारत नावे लिहून घ्या. हे काम कोणत्याही यंत्रात, कोणत्याही रकान्यात नाही, आणि त्याची मुदत केव्हा संपेल याची नोटीस येत नाही. स्कॅनर पुढल्या वर्षीही मिळेल.

आणि आजी 'छान' दिसावी असे फारच वाटत असेल, तर एवढे आठवा. स्टुडिओत जायच्या दिवशी तिने ट्रंकेतली ठेवणीतली साडी काढली होती. केस चापून बसवले होते, शेजारणीची नथ मागून आणली होती. आजोबांच्या अंगातला कोट तर स्टुडिओचाच होता, आणि घड्याळ दिसावे म्हणून बाही वर ओढलेली होती. मग दोघांनी श्वास रोखला आणि फोटो निघाला. स्वतःला जेवढे सुधारायचे तेवढे सुधारूनच ती कॅमेऱ्यासमोर बसली होती. त्याउपर काही सुधारायला तिने आपल्याला सांगितलेले नाही.